लोकप्रियतेचा काटा कोणाच्या हाती?

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रावेर-यावलकडचा केळी बागायतदार रोज भावाची चौकशी करतो. फलकावर एक भाव लिहिलेला असतो आणि बांधावर आलेला व्यापारी दुसराच भाव सांगतो, ही त्याची जुनी तक्रार आहे. फलकावरचा आकडा सर्वस्वी खोटा असतो असे नव्हे. परंतु तो कोणी ठरविला, कोणत्या मालावरून ठरविला आणि त्या आकड्यामुळे कोणाचे भले होणार, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नसतो. खानदेशातील शेतकऱ्याला हे शहाणपण कोणी शिकवावे लागत नाही. मात्र तोच शेतकरी, त्याचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा आणि आपले बहुतेक कार्यकर्तेही, एखादे गाणे ‘पहिल्या क्रमांकावर आहे’ असे ऐकताच तो क्रमांक निमूटपणे मान्य करतात. तेथे ते तीन प्रश्न कोणी विचारीत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या कंपन्या आपल्या नव्या गायकांना पुढे आणण्यासाठी लोकप्रियतेच्या याद्यांमध्ये फेरफार करतात काय, हा आजचा विषय आहे. दुष्काळ, कर्ज आणि बेकारी यांच्या चर्चेत हा विषय करमणुकीचा वाटेल. परंतु सभेला भाड्याच्या गाड्यांतून आणलेली गर्दी आणि पैसे मोजून वाढविलेला गाण्याचा आकडा यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हीकडे लोकांचे मत काय आहे हे मोजण्याचा देखावा करून प्रत्यक्षात लोकांचे मत बनविले जाते. म्हणून हा प्रश्न कार्यकर्त्याच्या अभ्यासाचाच आहे.

सरकारने बंद केलेले दार

आपल्याकडील कथेचा आरंभ १९५२ साली होतो. त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वेळ कमी केला. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे निर्मात्याची फुकट जाहिरात, म्हणून नाव सांगणेही बंद केले. निर्मात्यांनी उलट आपल्या गाण्यांच्या प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

परंतु श्रोता नाहीसा झाला नाही. तो समुद्रापलीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेली शक्तिशाली प्रक्षेपणयंत्रणा रेडिओ सिलोनच्या हाती आली होती. त्या केंद्राच्या व्यापारी विभागाने हिंदी गाणी लावण्यास सुरुवात केली. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका टूथपेस्टची जाहिरात हा तिचा हेतू होता आणि अमीन सायानी तिचे निवेदक होते. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. वर्षभरात हा ओघ आठवड्याला ६०,००० पत्रांच्या पुढे गेला. १९५४ पासून गाण्यांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली आणि बुधवारच्या रात्री आठ वाजता जळगाव-धुळ्याच्या पेठांपासून बिहारच्या खाणींपर्यंत लोक एकाच पायदानाची वाट पाहू लागले. पुढे १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. लोकांची अभिरुची हुकमाने बदलत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय. शेवटी उपायांचा विचार करताना तो पुन्हा आठवावा लागेल.

आता प्रश्न असा की, गीतमालेचा क्रमांक ठरे कसा? मुख्य आधार दोन होते. देशातील प्रमुख दुकानांतून तबकड्यांच्या विक्रीचे आकडे येत, आणि गावोगावच्या श्रोतासंघांची मते मागविली जात. दोन मापे वापरण्यातील शहाणपण उघड आहे. केवळ विक्रीवर विसंबावे, तर ज्याच्या गाठी पैसा आहे तो स्वतःचीच तबकडी दुकानांतून उचलून आकडा फुगवू शकतो. केवळ पत्रांवर विसंबावे, तर पाच-दहा पैशांची शंभर पोस्टकार्डे एकच हात लिहू शकतो. एक माप दुसऱ्यावर नजर ठेवील, अशी ही योजना होती. ती निर्दोष नव्हती. पण मोजणाऱ्याला आपल्या काट्याविषयी शंका होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आज मोजणाऱ्यांना अशी शंका क्वचितच येते.

तथापि या दोन मापांनाही न दिसणारी एक जागा होती. त्या काळात देशातील ध्वनिमुद्रिकांचा धंदा जवळजवळ एकाच कंपनीच्या हाती होता. कलकत्त्याजवळ डमडम येथे कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘एचएमव्ही’. कोणाचे गाणे मुद्रित करावयाचे, किती तबकड्या काढावयाच्या, कोणत्या दुकानात किती पाठवावयाच्या, हे सारे तिच्या कार्यालयात ठरे. जी तबकडी निघालीच नाही ती विकली जाणार नाही. जी विकली गेली नाही ती मोजली जाणार नाही. अहिराणीतील कानबाईची गाणी, भिलांची व पावरांची गाणी, लेवा गणबोलीतील ओव्या यांना कोणत्याही यादीत शेवटचाही क्रमांक मिळाला नाही, याचे कारण कोणी लाच घेतली हे नव्हे. ती काट्यावर चढविलीच गेली नाहीत. मक्तेदारीला पुष्कळदा आकड्यात फेरफार करण्याची गरजच पडत नाही.

फेरफाराच्या चार पायऱ्या

‘फेरफार’ हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. त्याच्या चार पायऱ्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली पायरी उघड जाहिरातीची. विविध भारतीवर निर्मात्यांचे प्रायोजित कार्यक्रम होत. पैसे देऊन वेळ विकत घेतला आहे हे ऐकणाऱ्याला कळत असे. यात आक्षेपार्ह काही नाही. दुसरी पायरी लपविलेल्या मोबदल्याची: निवेदक ‘माझ्या आवडीचे गाणे’ म्हणून जे लावतो त्यासाठी त्याला पाकीट मिळालेले असते. तिसरी पायरी बनावट मागणीची: कंपनी स्वतःच ग्राहक बनते आणि आपल्याच मालाची विक्री दाखविते. चौथी पायरी सर्वांत सूक्ष्म आहे: मोजण्याचा नियमच असा करावयाचा की आपला माल जड भरावा. पहिल्या पायरीवर व्यापार आहे, दुसऱ्या-तिसऱ्यावर फसवणूक आहे, चौथ्यावर सत्ता आहे.

दुसऱ्या पायरीची सर्वांत गाजलेली चौकशी अमेरिकेत झाली. रेडिओ निवेदकांना पैसे देऊन गाणी लावून घेण्याच्या प्रथेला तेथे ‘पेओला’ म्हणतात. १९५९-६० साली अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीने या प्रकरणी साक्षी घेतल्या. रॉक अँड रोल संगीत लोकप्रिय करणारा निवेदक ॲलन फ्रीड याने १९६२ साली व्यापारी लाचखोरीचा गुन्हा कबूल केला. त्याला ३०० डॉलर दंड झाला आणि त्याची कारकीर्द संपली. १९६० साली कायदाही बदलला. परंतु तो नीट वाचला पाहिजे. पैसे घेण्यास त्याने बंदी केली नाही. पैसे घेतल्याचे श्रोत्यापासून लपविण्यास बंदी केली. प्रथा मात्र संपली नाही. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याशी तडजोड करून १ कोटी डॉलर भरले. नंतर इतर बड्या कंपन्यांनीही अशाच तडजोडी केल्या. म्हणजे कंपन्या असे करतात काय, या प्रश्नाचे उत्तर तर्कावर सोडण्याचे कारण नाही. ते सरकारी कागदपत्रांत नोंदलेले आहे.

येथे विरुद्ध बाजूचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, १९७९ साली पेओलावर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, रेडिओवरील वेळ ही दुर्मिळ वस्तू आहे आणि दुर्मिळ वस्तूला किंमत पडणारच. या किमतीवर बंदी मागणारे पुष्कळदा जुने व बडे व्यापारी असतात. कारण पैसे देऊन का होईना, नवा व लहान प्रतिस्पर्धी श्रोत्यापर्यंत पोहोचतो हे त्यांना नको असते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५० नंतरच्या दशकात लहान कंपन्यांनी कृष्णवर्णीय गायकांची गाणी अशाच मार्गाने रेडिओवर नेली, हे ऐतिहासिक सत्य आहे.

परंतु या युक्तिवादात एक पक्ष गाळला गेला आहे. कंपनी पैसे देते आणि निवेदक घेतो. दोघांचाही सौदा राजीखुशीचा असतो. तिसरा पक्ष श्रोता आहे. त्याला जाहिरात ‘मत’ म्हणून विकली जाते. किंमत उघड असेल तरच ती किंमत. लपविली की ती लाच होते. कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत खानदेशातील जुन्या माणसांना आठवत असेल. व्यापारी आणि अडत्या यांना भाव कळे. ज्याचा कापूस, त्याला कळत नसे. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला, पुढे बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले. व्यापार बंद पडला नाही. फक्त रुमाल दूर झाला. समित्यांमध्ये नवे दोष शिरले हे खरे. पण रुमाल परत आणावा असे कोणी म्हणत नाही.

नवा गायकच का?

कंपन्या आपला जोर नव्या गायकामागे का लावतात, याचे उत्तर कलाप्रेमात नसून करारात आहे. नामवंत गायक कंपनीशी बरोबरीने सौदा करतो. १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकर यांनी गाण्याच्या विक्रीत गायकाचा वाटा असावा असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत वेगळे होते आणि काही वर्षे दोघे एकत्र गायिले नाहीत. हा वाद करण्याची ताकद लताबाईंजवळ होती. धुळ्याच्या एखाद्या गल्लीतून आलेल्या मुलाजवळ ती नसते. तो पुढे ठेवलेल्या कागदावर सही करतो. गाण्याचे हक्क कंपनीकडे जातात, पुढील काही गाण्यांचेही जातात. हे गाणे चालले तर लाभातील फार मोठा भाग कंपनीच्या खात्यात जमा होतो.

म्हणून अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, नामवंतासाठी खर्च केलेल्या रुपयापेक्षा नवख्यासाठी खर्च केलेला रुपया कंपनीला अधिक देऊ शकतो. त्यात धोका अधिक असतो. आणि तो धोका कमी करण्याचा उपाय म्हणजे क्रमांक. ‘पहिला क्रमांक’ मिळाला की आवड आपोआप मागून येईल, असा हा हिशेब आहे. तेव्हा कंपनी नव्या माणसाला संधी देते, हे अर्धे सत्य आहे. कंपनी आपल्या मालकीच्या नव्या माणसाला संधी देते, हे पूर्ण सत्य होय. जो कोणाच्याच मालकीचा नाही, त्या नव्या माणसाची जागा याच व्यवहारात जाते.

गीतकार व संगीतकार यांना मोबदल्याचा काही वाटा सोडून देताच येणार नाही, अशी तरतूद २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने झाली. ती स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याने मिळालेला वाटा कोणत्या आकड्यावर मोजावयाचा? पुन्हा आपण काट्याशीच येऊन पोहोचतो.

खोटा क्रमांक खरा होतो काय?

‘गाणे चांगले असेल तर चालेलच, वाईट असेल तर कितीही ढकलले तरी पडेल,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. या समजुतीची एक शास्त्रीय परीक्षा झालेली आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १४,३४१ लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकण्यास दिली. काहींना इतरांनी काय पसंत केले हे दाखविले नाही. उरलेल्यांची आठ स्वतंत्र गटांत वाटणी करून प्रत्येक गटात त्या-त्या गटाचा आकडा दाखविला. परिणाम असा की, आकडा दिसू लागताच विषमता वाढली: थोडी गाणी फार वर गेली आणि बाकीची खाली राहिली. शिवाय आठ गटांत वर गेलेली गाणी एकच नव्हती. अत्युत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही आणि अगदी टाकाऊ गाणे सहसा शिखरावर गेले नाही. परंतु मधल्या सर्व गाण्यांचे नशीब आरंभी कोणाला चार मते अधिक पडली यावर अवलंबून राहिले.

दोन वर्षांनी या संशोधकांपैकी दोघांनी मुद्दाम क्रमवारी उलटी करून दाखविली. जे तळाला होते ते वर लिहिले, वरचे तळाला लिहिले. तेव्हा बहुतेक गाण्यांच्या बाबतीत खोटा क्रमांकच हळूहळू खरा होऊ लागला. सर्वांत चांगली गाणी काही काळाने वर आली, हे खरे. पण आणखी एक गोष्ट घडली: लोकांनी एकंदरीतच कमी गाणी घेतली. खोट्या काट्याने एका विक्रेत्याचा तोटा झाला असे नव्हे, सगळा बाजारच आक्रसला.

या प्रयोगाचा अर्थ आपल्या भाषेत सांगावयाचा तर असा: लता मंगेशकर यांना खोटा क्रमांक बुडवू शकत नाही, बेसूर माणसाला तो तारू शकत नाही. तो मारतो तो मधल्यांना, आणि जगातील बहुसंख्य माणसे मधलीच असतात. चोपड्याचा एखादा बरा गायक, शिरपूरची एखादी बऱ्या आवाजाची मुलगी, ज्यांना थोडे ऐकले गेले असते तर थोडे अधिक चांगले गाता आले असते, ती या व्यवहाराची खरी हानी होय. तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

मोजण्याच्या पद्धतीने काय लपते, याचे दुसरे उदाहरण १९९१ चे आहे. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची यादी तोवर दुकानदारांनी सांगितलेल्या माहितीवर तयार होई. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून दुकानातील यंत्रावर नोंदलेली प्रत्यक्ष विक्री मोजू लागले. यादीचे रूप एकदम पालटले. ग्रामीण भागातील कंट्री संगीत आणि शहरी कृष्णवर्णीय तरुणांचे रॅप झपाट्याने वर आले. ते आदल्या आठवड्यातही विकले जात होतेच. सांगणाऱ्याच्या तोंडी त्यांचे नाव येत नव्हते, इतकेच.

यंत्राच्या युगातील अडत्या

आता तबकडी गेली, कॅसेटही गेली. कॅसेटने १९८० नंतर एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, गावोगावी स्वस्त ध्वनिमुद्रणे निघाली आणि अहिराणी गाणी प्रथमच बाजारात दिसू लागली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. आज गाणे मोबाइलवर येते आणि आकडा त्याच्या खालीच लिहिलेला असतो. मधला माणूस नाहीसा झाला असे सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी नाही.

जुलै २०१९ मध्ये गायक बादशाह यांचे ‘पागल’ हे गाणे सोनी म्युझिकने प्रसिद्ध केले. पहिल्या २४ तासांत यूट्यूबवर ते सुमारे ७.५ कोटी वेळा पाहिले गेल्याचे जाहीर झाले. तो जागतिक विक्रम ठरला असता. परंतु त्यासाठी गूगलकडून जाहिराती विकत घेतलेल्या होत्या आणि जाहिरात म्हणून समोर आलेले गाणेही ‘पाहिले’ म्हणून मोजले गेले होते. यात त्या वेळच्या नियमाचा भंग नव्हता, ही लक्षात घेण्याची गोष्ट आहे. यूट्यूबने तो विक्रम मानला नाही आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पैसे देऊन मिळविलेली दर्शने आपल्या संगीतयादीत न मोजण्याचा नियम केला. ऑगस्ट २०२० मध्ये समाजमाध्यमांवरील बनावट अनुयायांच्या तपासात मुंबई पोलिसांनी बादशाह यांची चौकशी केली. त्यांनी पैसे दिल्याचे मान्य केले असे पोलिसांचे म्हणणे होते. त्यांनी स्वतः हे आरोप नाकारले. व्यक्तीचा निवाडा हा आपला विषय नव्हे. विषय असा की, जाहिरात विकणारा तोच, मोजणारा तोच आणि नियम बदलणाराही तोच. बाजार समितीत अडत्यानेच काटा धरला आणि पावतीही त्यानेच लिहिली, तर शेतकरी काय म्हणेल?

चौथ्या पायरीचे उदाहरणही ताजे आहे. स्पॉटिफाय या कंपनीने २०२० साली एक योजना जाहीर केली. गाण्याच्या मालकाने कमी मोबदला पत्करला, तर यंत्राकडून होणाऱ्या शिफारशींत ते गाणे पुढे सरकते. पाकीट देण्याची गरज नाही. आपल्याच मजुरीतून कपात मान्य केली की झाले. जो कपात सोसू शकतो तो पुढे जातो. मोठ्या कंपनीजवळ हजारो गाणी असतात, एकाची कपात दुसऱ्यावर निघते. एकट्या कलावंताला हे गणित जमत नाही.

आता खानदेशाकडे पाहा. २०२३ साली ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणे साऱ्या महाराष्ट्रात गाजले. स्थानिक कलावंतांनी ते तयार केले, आणि ज्या बोलीला शिष्ट समाजाने आजवर हसण्याचा विषय केले होते, त्या बोलीतील गाणे पुण्या-मुंबईच्या वरातींत वाजले. ही घटना लहान नाही. नव्या साधनांत लोकशाहीची शक्यता आहे, याचा तो पुरावा आहे; जो कार्यकर्ता यंत्राला केवळ शिव्या देतो त्याने तो डोळ्यांआड करू नये. बडी कंपनी पाठीशी नसतानाही लोक गाणे उचलतात.

परंतु एक गाणे वर गेले की त्यामागून शेकडो तरुण येतात, आणि त्यांच्यामागून दलाल येतात. समजा, पारोळा तालुक्यातील एका तरुणाने कापसाच्या पैशातून उसनवार करून गाणे तयार केले. आठ दिवसांत आकडा हलत नाही. मग कोणीतरी सांगतो की, इतके हजार दिलेस तर इतके लाख ‘व्ह्यूज’ मिळवून देतो. त्याने पैसे दिले तर तो फसवणुकीत सहभागी होतो. न दिले तर, शेजाऱ्याने दिल्यामुळे, मागे पडतो. ज्या बाजारात काटा खोटा असतो तेथे प्रामाणिक माणसालाच दंड बसतो. या मुलाला अप्रामाणिक म्हणण्यापूर्वी, त्याला या पेचात कोणी टाकले हे विचारले पाहिजे. मोठ्या कंपनीचा खर्च ‘प्रसिद्धी’ म्हणून खात्यावर पडतो आणि या मुलाचा खर्च कर्ज म्हणून घरावर पडतो, एवढाच दोघांतील फरक.

काय करता येईल

उपाय सुचविताना डॉ. केसकरांची चूक पुन्हा करावयाची नाही. कोणते गाणे चांगले हे सरकारने, पक्षाने किंवा प्राध्यापकांनी ठरवू नये. लोकांना जे आवडते ते आवडू द्यावे. परंतु त्यांना काय आवडते हे मोजताना फसवू नये. मागणी एवढीच आहे, आणि ती चार कलमांत मांडता येते.

एक: जाहिरातीने मिळविलेला आकडा आणि लोकांनी होऊन ऐकल्याचा आकडा सर्वत्र वेगवेगळे दाखविले जावेत. दुकानातील वजनमापे सरकारी निरीक्षक तपासतो व त्यांवर शिक्का मारतो. तसा या मापांवर निःपक्ष तपासणीचा शिक्का असावा. दोन: मोबदला घेऊन केलेली शिफारस मोबदल्याची आहे हे ऐकणाऱ्याला त्याच क्षणी कळावे, मग ती रेडिओ निवेदकाची असो वा यंत्राची. तीन: जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील गायक, वादक व गीतकार यांनी सहकारी संस्था काढावी. ध्वनिमुद्रणाचा खर्च, कराराचा मराठीतील नमुना आणि हिशेब मागण्याचा अधिकार या तीन गोष्टी एकट्याला परवडत नाहीत, पंचवीस जणांना परवडतात. सहकाराच्या नावाने खानदेशात कटू अनुभवही आले आहेत. म्हणून संस्था लहान ठेवावी आणि तिचे हिशेब दरवर्षी सभासदांपुढे वाचावेत. चार: जळगावला आकाशवाणीचे केंद्र आहे. ते जनतेच्या पैशाने उभे आहे. अहिराणी, लेवा गणबोली, भिली व पावरी गाण्यांना तेथे ठरावीक वेळ मिळावा आणि निवडीचे निकष जाहीर असावेत, ही मागणी करण्यात कार्यकर्त्यांनी संकोच बाळगू नये.

याखेरीज एक काम स्वतःपासून सुरू करण्यासारखे आहे. सभेची गर्दी, पत्रकावरील सह्या, पक्षाच्या पानावरील अनुयायी यांचे आकडे फुगवून सांगण्याची सवय सर्वच पक्षांना लागली आहे. आपल्या सभेला दोनशे माणसे आली असतील तर दोनशेच सांगावीत. ज्याला स्वतःचा काटा सरळ ठेवता येत नाही, त्याला दुसऱ्याचा काटा तपासण्याचा अधिकार राहत नाही.

गीतमाला ज्या वर्षी सुरू झाली, त्याच १९५२ साली जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीच्या ओव्या प्रथमच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. बहिणाबाई चौधरी लिहू-वाचू शकत नव्हत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या, तेव्हा घराबाहेर फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक होते. सोपानदेवांनी आईची टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखून ती छापण्याचा आग्रह धरला. त्या वहीच्या मागे कंपनी नव्हती, आकडा नव्हता, क्रमांक नव्हता. एक ऐकणारा माणूस भेटला, ज्याला ऐकण्याबद्दल कोणी पैसे दिले नव्हते.

तो माणूस भेटला नसता तर काय झाले असते? ज्यांना असा माणूस भेटला नाही अशा किती बहिणाबाई खानदेशाच्या शेतांतून आणि जात्यांवरून गाऊन गेल्या, याची गणती कोणाजवळ नाही. त्यांचे जे झाले ते झाले. आज जे गात आहेत त्यांना निदान सरळ काट्यावर चढविले जावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. त्यासाठी प्रत्येक आकड्यापुढे केळीच्या फलकापुढे विचारतात तेच तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या: हा कोणी ठरविला, कशावरून ठरविला आणि यात कोणाचे भले आहे?